विणलेला अप्पर, डिझाइन पेटंट आणि 'कॉपी मारली' हा आरोप

स्निकरप्रेमींच्या एका चर्चेत आलेले प्रश्न दोन होते. पहिला: दोन वेगळ्या ब्रँडचे विणलेले रनिंग शूज शेजारी ठेवले तर लांबून जुळे वाटतात, त्यातल्या एकाकडे डिझाइन पेटंट आहे, मग दुसऱ्याचे शूज राजरोस विकले कसे जातात? दुसरा: विणकाम शेकडो वर्षं जुनं आहे, त्यावर कुणाला पेटंट मिळतंच कसं? चर्चेत कुणीतरी 'डी'ने सुरू होणारा एक पेटंट नंबर टाकला आणि विषय संपला असं जाहीर केलं. तो नंबर विणकामाबद्दल चकार शब्द काढत नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

माझं काम विणलेले अप्पर, म्हणजे बुटाचा सोलवरचा भाग, डेव्हलप करण्याचं. डिझायनरचं स्केच मशीनच्या प्रोग्रॅममध्ये उतरवायचं, सॅम्पल काढायचं, आणि ते पुढे सरकण्याआधी पेटंट वकिलांबरोबर बसून कुणाच्या हद्दीत पाय पडतोय का ते तपासायचं. मी स्वतः वकील नाही. पण त्या बैठकांमध्ये ज्या मुद्द्यांवर तासन्‌तास जातात, ते स्निकरप्रेमींच्या वादात फारसे येत नाहीत.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण तो सुटला की पहिला सोपा होतो. शूज बनतो कसा आणि काम कसं करतो, याला संरक्षण देतं ते युटिलिटी पेटंट. अमेरिकेत त्याची मुदत अर्जापासून २० वर्षं. शूज दिसतो कसा, याला डिझाइन पेटंट. त्याची मुदत मंजुरीपासून १५ वर्षं (१३ मे २०१५ च्या आधी केलेल्या अर्जांना १४), आणि 'डी' अक्षर फक्त त्याच्याच नंबराला लागतं. अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी याला पेटंट न म्हणता डिझाइनची नोंदणी म्हणतात. एकाच बुटावर दोन्ही असू शकतात, आणि मोठे ब्रँड दोन्ही घेतातच.

'विणकामावर पेटंट' म्हणून जे गाजलं ते युटिलिटीचं प्रकरण. फेब्रुवारी २०१२ मध्ये नायकीने फ्लायनिट हे विणलेल्या अप्परचे शूज आणले. त्यातल्या रेसर मॉडेलचा एक बूट १६० ग्रॅमचा होता आणि त्यात अप्पर व टंग (लेसखालची जीभ) मिळून जेमतेम ३४ ग्रॅम. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर आदिदासने आपले विणलेले शूज, प्राइमनिट, जाहीर केले. नायकीने न्यूर्नबर्गच्या कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला, आणि नोव्हेंबरमध्ये कोर्टाने तो उठवला. इकडे अमेरिकेत आदिदासने पेटंट ऑफिसच्या अपील बोर्डापुढे नायकीच्या २००४ च्या अर्जातून आलेल्या पेटंटालाच आव्हान दिलं. पुराव्यात काय काय काढलं बघा: कापडाच्या सलग पट्ट्यातून बुटाच्या अप्परचा आकार काढण्याचं १९९४ चं एक पेटंट, आणि १९३९ ची दोन जुनी पेटंटं, ज्यांत सपाट विणकाम यंत्रावर डोक्याची टोपी विणली होती. ही टोपी आमच्या क्षेत्रात अजूनही चेष्टेचा विषय आहे. पण कायद्याच्या नजरेत तिचं वजन मोठं. सपाट यंत्रावर एका तुकड्यात आकार देऊन विणणं, नको तिथे कापड वाया न घालवणं, हे ज्ञान तेव्हाच जगापुढे आलं होतं.

नायकीने मूळचे सगळे ४६ क्लेम (नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणारी पेटंटातली कलमं) सोडून दिले आणि त्यांच्या जागी चार नवे, अरुंद क्लेम पुढे केले. मग ते प्रकरण बोर्ड आणि फेडरल सर्किट (पेटंटांची अपिलं ऐकणारं अमेरिकी कोर्ट) यांच्यात वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिलं. २०२० मध्ये कोर्टापुढे जो मुद्दा कळीचा ठरला तो ऐकून कुठल्याही विणकराला हसू येईल: टाके गाळून पाडलेली भोकं. बोर्डाने स्वतःहून विणकाम-तंत्रावरच्या एका पाठ्यपुस्तकाचा आधार घेऊन 'हे तर सर्वांना ठाऊक होतं' असं म्हटलं होतं. कोर्टाने सांगितलं की तसं म्हणायचं असेल तर आधी नायकीला त्यावर बोलायची संधी द्यायला हवी होती.

म्हणजे विणकाम कुणाच्या मालकीचं झालेलं नाही. झगडा आहे तो ठरावीक जोडण्यांवर: अमुक रचना, अमुक जागी, बुटाच्या अमुक भागाशी अशा तऱ्हेने जोडलेली. अशी पेटंटं नायकीकडे ढिगाने आहेत आणि ती वापरायला कंपनी कचरत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तिने आदिदासविरुद्ध अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे धाव घेतली, ते प्रकरण २०२२ मध्ये तडजोडीने मिटलं. जानेवारी २०२३ मध्ये लुलुलेमन या कपड्यांच्या ब्रँडवर खटला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्केचर्स आणि न्यू बॅलन्सवर. लुलुलेमनच्या खटल्यात मार्च २०२५ मध्ये ज्यूरीने एका पेटंटाचं उल्लंघन झाल्याचं मानलं आणि भरपाई दिली ३,५५,४५० डॉलर. दोन्ही कंपन्यांची उलाढाल बघता ही रक्कम चिल्लर आहे, पण निकाल नायकीच्या बाजूने आहे, आणि पुढच्या वाटाघाटीत टेबलावर ठेवायला तो पुरतो.

आता दिसण्याकडे येतो. जानेवारी २०१६ मध्ये नायकीने स्केचर्सवर ओरेगनच्या कोर्टात आठ डिझाइन पेटंटांचा खटला भरला. बर्स्ट, फ्लेक्स अपील, फ्लेक्स अॅडव्हान्टेज वगैरे मॉडेल त्यात होती. काही पेटंटं अप्परच्या दिसण्याची, काही सोलच्या. स्केचर्सने ती रद्द करून घ्यायचा प्रयत्न केला, काही अर्ज बोर्डाने सुनावणीलाही घेतले नाहीत, आणि प्रकरण अखेर तडजोडीवर संपलं. आज चर्चेत जे फोटो फिरतात, त्यांचा उगम बहुधा याच काळातला असतो.

फोटो बघून मत बनवणारे पेटंट मात्र उघडत नाहीत, हे मला नवल वाटतं. युटिलिटी पेटंट वाचायला डोकं लागतं, डिझाइन पेटंट वाचायला पाच मिनिटं लागतात. त्यात क्लेम एकच असतो आणि तो साधारण असा: 'दाखवल्याप्रमाणे शू अप्परचं शोभादायी डिझाइन'. बस. बाकी सगळं चित्रात. उजवी बाजू, डावी बाजू, पुढून, मागून, वरून, खालून, आणि एखादं तिरक्या कोनातून. या चित्रांत दोन तऱ्हेच्या रेघा असतात. अखंड रेघ म्हणजे 'हे माझं'. तुटक रेघ म्हणजे 'हे फक्त संदर्भासाठी, यावर माझा हक्क नाही'. सगळा खेळ या तुटक रेघांचा आहे.

एक नमुना डोळ्यांपुढे आणा. शीर्षक 'शू अप्पर'. सोल पूर्ण तुटक रेघांत, म्हणजे त्याखाली कुठलाही सोल लावा, फरक पडत नाही. लेसही तुटक. लोगोची जागा तुटक. अखंड रेघांत उरतं ते काय, तर आयलेटच्या (लेसच्या भोकांच्या) ओळीपासून मिडसोलच्या (सोलच्या मधल्या थराच्या) कडेपर्यंत तिरके उतरणारे पट्टे आणि त्यांच्यामधली बारीक ठिपक्यांची जाळी. हे पेटंट वाचून मी पहिली नोंद करतो ती हीच: पट्ट्यांची संख्या, त्यांचा तिरकेपणा, ते कुठे रुंद होतात आणि कुठे विरतात, ठिपके टाचेकडे जाताना दाट होतात की विरळ. मग आमचं सॅम्पल त्याच कोनातून ठेवून बघतो. सोल वेगळा आहे, रंग वेगळा आहे, टंग वेगळी आहे, या सबबी तिथे चालत नाहीत, कारण त्या गोष्टी चित्रात मागितलेल्याच नाहीत. मालकाने जितकं जास्त तुटक केलं, तितकं त्याचं जाळं मोठं.

पण जाळं मोठं केलं की धोकाही वाढतो. फक्त टाचेवरचा एक वळणदार भाग अखंड रेघेत ठेवला, तर जगात आजवर बनलेल्या कुठल्याही बुटाच्या टाचेवर तसलं वळण सापडलं की पेटंट डळमळलं. म्हणून मोठ्या कंपन्या एकाच बुटाचे अनेक अर्ज करतात: एक अख्ख्या अप्परचा, एक फक्त पुढच्या भागाचा, एक फक्त बाजूच्या पट्ट्यांचा. त्यातलं एक पडलं तरी दुसरं उभं राहतं. एका बुटाचे पाच-सहा 'डी' नंबर दिसले तर ही नुसती हाव आहे असं समजू नका, तो हिशेब आहे.

रंगाबद्दल एक शंका नेहमी येते. ही चित्रं सहसा काळ्या-पांढऱ्या रेघांची असतात, त्यामुळे डिझाइन कुठल्याही रंगाला लागू होतं. तुमच्या आवडत्या कलरवेचं, म्हणजे रंगसंगतीचं, यात काही नाही. आदिदासचे तीन पट्टे किंवा नायकीची स्वूश ही खूण हा ट्रेडमार्कचा प्रांत, त्याला मुदतच नाही, आणि तिथली कसोटीही वेगळी आहे: गिऱ्हाईक मालाच्या उगमाबद्दल गोंधळेल का?

डिझाइन पेटंटात तो गोंधळ बघत नाहीत. तिथली कसोटी १८७१ च्या गोरहम खटल्यातून आली, तो चांदीच्या काट्या-चमच्यांच्या दांड्यांवरून झालेला वाद होता. सर्वसाधारण खरेदीदार जेवढं लक्ष देतो तेवढं लक्ष देऊन पाहिलं, तर एक डिझाइन दुसरं समजून तो घेईल का? २००८ मध्ये नखं घासायच्या एका बफरवरून झालेल्या खटल्यात फेडरल सर्किटने त्यात महत्त्वाची भर घातली. हा खरेदीदार कोरा नसतो, त्याला आधीची डिझाइनं माहीत असतात असं धरायचं. या भरीमुळे विणलेल्या शूजची गंमत होते. २०१२ च्या आधी विणलेले रनिंग शूज फारच थोडे होते, त्यामुळे तेव्हा मंजूर झालेल्या डिझाइनच्या आसपास मोकळी जागा भरपूर होती आणि थोडं लांबचं साम्यही खुपायचं. आज प्रत्येक ब्रँडचे डझनभर विणलेले शूज आहेत. सॉकसारखा गळा, पुढे जाळी, मध्ये घट्ट वीण, हे सगळ्यांचंच झालंय. अशा गर्दीत नजर आपोआप बारीकसारीक फरकांवर जाते, आणि नव्या डिझाइन पेटंटाचा आवाका आकसतो. 'दोन्ही लांबून सारखे दिसतात' हे वाक्य २०१३ मध्ये जितकं जड होतं, तितकं आज राहिलेलं नाही. जुळ्यांपैकी दुसरा जोड बाजारात राजरोस असण्याचं सगळ्यात सामान्य कारण हेच आहे.

आता तो मुद्दा, ज्यावर आमच्या बैठका रेंगाळतात. कामासाठी असलेल्या आकाराला डिझाइन पेटंट मिळत नाही, आकार शोभेसाठी हवा. मग बुटात शोभेचं काय आणि कामाचं काय? हा वाद बुटांवर आधीही झाला आहे, आणि त्यातला योगायोग मजेशीर आहे. अॅव्हिया या बूट कंपनीने एल. ए. गिअर या दुसऱ्या बूट कंपनीला कोर्टात ओढलं, त्याचा अपिलातला निकाल १९८८ मध्ये लागला. एल. ए. गिअर म्हणाली, हे सगळं कामाचं आहे, शोभेचं नाही. कोर्टाने ऐकलं नाही आणि ती हरली. पाच वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच एल. ए. गिअरने स्वतःच्या 'हॉट शॉट्स' बुटाच्या डिझाइनवरून थॉम मॅकॅन या कंपनीवर खटला लढवला. या वेळी कामाचा मुद्दा समोरच्याने काढला आणि एल. ए. गिअर जिंकली. दोन्ही वेळा कोर्टाची वाट एकच होती: सुटा प्रत्येक भाग काहीतरी काम करतो हे खरं, पण तेच काम करणारे वेगळ्या दिसण्याचे बूट बनवता येतात ना? येत असतील तर एकूण दिसणं ही निवड आहे, आणि निवडीला संरक्षण मिळतं.

कापून-शिवून बनवलेल्या बुटात हे पटतं. चामड्याचा तुकडा टाचेला आधार द्यायला लावला, पण त्याची कड नागमोडी ठेवली ती डोळ्यांसाठी. विणलेल्या अप्परमध्ये हा काडीमोड करणं अवघड जातं, आणि इथे थोडं मशीनजवळ यावं लागेल.

सपाट विणकाम यंत्रात सुयांच्या दोन रांगा उलट्या 'व्ही'सारख्या समोरासमोर असतात. जर्मनीची स्टोल आणि जपानची शिमा सेकी ही त्यातली मोठी नावं. कॅरेज (सुयांवरून सरकणारा भाग) एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातं आणि वाटेतल्या प्रत्येक सुईला हुकूम असतो: टाका विण, धागा नुसता धरून ठेव, किंवा काहीच करू नकोस. पहिल्याने साधी वीण होते. दुसऱ्याला टक म्हणतात, त्याने कापड फुगतं आणि रुंदावतं. तिसऱ्याने धागा मागून तरंगत जातो आणि कापड कमी ताणलं जातं. शिवाय एका सुईवरचा फास शेजारच्या सुईवर सरकवला की रिकाम्या जागी भोक पडतं. प्रोग्रॅमच्या स्क्रीनवर हे रंगीत चौकोनांच्या जाळीसारखं दिसतं. एक चौकोन, एक सुई, एक निर्णय.

पायाच्या बोटांवर हवा हवी म्हणून मी तिथे भोकं पाडतो. भोकं एकाखाली एक सरळ रेषेत आली तर कापड त्या रेषेत ताणून फाटायची शक्यता, म्हणून एक ओळ सोडून अर्ध्या अंतराने सरकवतो. लगेच हिऱ्यांची नक्षी तयार होते. कुणी म्हणेल, छान डिझाइन आहे. मी ते छान दिसावं म्हणून केलंच नव्हतं. मध्यपायाला कापड ताणलं जाऊ नये म्हणून तिथे आडवे धागे भरतो, त्यांचे उंचवटे पट्ट्यांसारखे दिसतात. टाचेला कमी तापमानाला वितळणारा धागा मिसळतो, वाफेखाली दाबला की तो वितळून भाग कडक आणि किंचित चकचकीत होतो. ती चकाकी जिथे संपते, तिथे डोळ्याला एक कड दिसते. म्हणजे हवेची सोय, आधार आणि नक्षी तिन्ही एकाच चौकोनात ठरतात.

तरी माझं मत कोर्टाच्याच बाजूने आहे. भोकं हवीत हे काम ठरवतं, हिरेच हवेत हे नाही. तीच हवा षटकोनी मांडणीत मिळते, लाटांच्या ओळींत मिळते, पुढून मागे विरळ होत जाणाऱ्या ठिपक्यांत मिळते. आम्ही पर्याय काढायला बसतो तेव्हा दुपारपर्यंत चार-पाच वेगळे नमुने टेबलावर असतात आणि हवेच्या चाचणीत त्यांच्यात नाव घेण्याजोगा फरक सापडत नाही. 'विणकामात दुसरं काही शक्यच नव्हतं' असं जेव्हा एखादा ब्रँड म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा वेळ वाचवत असतो.

ब्रँडच्या बाजूचीही एक दुखरी नस सांगतो. रेघांची चित्रं विणलेल्या कापडाला नीट न्याय देत नाहीत. चित्रकार ठिपके आणि बारीक रेघा काढून पोत सुचवतो, पण प्रत्यक्ष अप्पर लास्टवर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) चढवलं की तेच कापड बोटांच्या गोलाईवर ताणलं जातं, भोकं लांबट होतात, घोट्याजवळ दबून गोल राहतात. लहान साइजमध्ये पट्टे जवळ येतात, मोठ्यात पसरतात. एकाच प्रोग्रॅमचे दोन साइज शेजारी ठेवले तरी एखाद्याला ते वेगळे वाटतील. मग चित्रातलं डिझाइन नेमकं कोणतं? उल्लंघनाची तुलना चित्राशी होते, दुकानात मिळणाऱ्या मालकाच्या बुटाशी नाही, हे लक्षात ठेवा. म्हणूनच मी पेटंट काढणाऱ्यांना सांगतो की टाका-टाका रेखाटू नका, भागांच्या हद्दी आणि त्यांचा प्रवाह रेखाटा. फार बारीक पोत मागितला तर समोरचा दोन सुया इकडच्या तिकडे करून सुटतो.

आता तुमच्यासारख्या उत्साही मंडळींचा हात या सगळ्यात कुठे लागतो ते. लीक झालेला फोटो आवडीने शेअर होतो, पण डिझाइनच्या हक्कासाठी तो घातक ठरू शकतो. नोंदणीचा अर्ज करताना डिझाइन नवं असावं लागतं. अमेरिका आणि युरोपीय संघ दोघेही मालकाला स्वतः उघड केल्यापासून बारा महिने सवलत देतात, पण ती घटिका टळली की टळली. डिसेंबर २०१४ मध्ये गायिका रिहानाचा पुमाशी करार झाल्याचे फोटो इन्स्टाग्रामवर आले, त्यात तिच्या पायात जाड काळ्या सोलचे पांढरे बूट होते. पुमाने त्याच धाटणीच्या डिझाइनसाठी युरोपात अर्ज केला तो जुलै २०१६ मध्ये. मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने सांगितलं की फोटोत बुटाचे तपशील ओळखू येतात, ते जगाने आधीच पाहिले आहेत, नोंदणी रद्द. तेव्हा रिहानाच्या बुटांकडे कुणाचं लक्षच नव्हतं, हा बचाव टिकला नाही. क्रॉक्सचंही २०१८ मध्ये तेच झालं: फ्लोरिडातल्या एका बोटींच्या प्रदर्शनात, वेबसाइटवर आणि विक्रीत तो बूट सवलतीच्या मुदतीआधीच उघड झाला होता.

तेव्हा प्रोटोटाइप घातलेल्या धावपटूचा झूम केलेला फोटो, तारखेसकट, कुणाच्या तरी वकिलाच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. मी स्वतः जुनं डिझाइन शोधताना पेटंटांच्या डेटाबेसपेक्षा जास्त माल चाहत्यांच्या जुन्या पोस्टमध्ये सापडलेला बघितलाय. तारीख पक्की असली की झालं.

'आम्ही आमचा लोगो लावलाय, मग फसवणूक कुठे?' हाही बचाव चर्चेत होता. थॉम मॅकॅनच्या खटल्यात कोर्टाने स्पष्ट केलं होतं की डिझाइनची नक्कल करून वर स्वतःचं नाव चिकटवल्याने सुटका होत नाही. पुढे २०१९ मध्ये कोलंबिया विरुद्ध सीरस या खटल्यात फेडरल सर्किटने थोडी फट ठेवली: लोगो हा नक्षीचाच भाग असेल, तर एकूण दिसण्यात तो काय फरक पाडतो हे ज्यूरी बघू शकते. विणलेल्या शूजमध्ये लोगो अनेकदा जॅकार्डने (कापडातच नक्षी विणण्याच्या पद्धतीने) विणूनच काढलेला असतो, त्यामुळे ही फट इथे उपयोगाची आहे. पण कोपऱ्यातल्या छोट्या लोगोवर कुणी विसंबून राहू नये.

पैशांच्या बाजूला विणकामाचा एक जुना धागा आहे. अमेरिकेत डिझाइन पेटंटाचं उल्लंघन करणाऱ्याचा त्या वस्तूवरचा संपूर्ण नफा मालकाला मिळू शकतो. ही कडक तरतूद आली १८८७ मध्ये, आणि कारण ठरले गालिचे. गालिच्यांच्या नक्षीची चोरी सिद्ध होऊनही सुप्रीम कोर्टाने भरपाई सहा सेंटवर आणून ठेवली होती, कारण नफ्यातला नेमका किती भाग नक्षीमुळे आला हे सिद्ध करता आलं नव्हतं. अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, मग कायदाच बदलला. २०१६ मध्ये अॅपल विरुद्ध सॅमसंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की 'वस्तू' म्हणजे विकलेला अख्खा माल असेलच असं नाही, तिचा एक भागही असू शकतो. मग अप्परचं डिझाइन चोरलं तर नफा अख्ख्या बुटाचा मोजायचा की नुसत्या अप्परचा? अप्पर वेगळा विकत मिळत नाही, पण कारखान्यात तो वेगळा तयार होतो, त्याचा खर्च वेगळा लिहिलेला असतो. यावर दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ भरपूर फी घेऊन भांडतात.

मे २०२४ पासून आणखी एक गोष्ट बदलली आहे. तोवर एखादं डिझाइन 'उघडच सुचण्यासारखं' होतं म्हणून रद्द करायचं तर आधी जवळजवळ तसंच दिसणारं एक जुनं डिझाइन दाखवावं लागायचं, मगच दुसरं त्याला जोडता यायचं. जनरल मोटर्सच्या गाडीच्या भागांवरून झालेल्या एलकेक्यू खटल्यात फेडरल सर्किटने ही ताठर अट काढून टाकली. विणलेल्या अप्परला याचा फटका बसेल असं मला वाटतं, कारण इथे बहुतेक डिझाइनं म्हणजे ओळखीच्या भागांची नवी मांडणी असते: गळा एका बुटाचा, पट्टे दुसऱ्याचे, जाळी तिसऱ्याची. आमच्याकडे आता तपासणीच्या यादीत जुने मोजे, गुडघ्याचे पट्टे, अगदी विणलेल्या खुर्च्यांच्या पाठीही येऊ लागल्या आहेत. खुर्चीची पाठ बुटाविरुद्ध कितपत चालेल याबद्दल माझे वकील साशंक आहेत, तरी त्या गोळा करायला त्यांनीच सांगितलंय.

राहिला कस्टमवाल्यांचा प्रश्न. विकत घेतलेला जोड रंगवला, लेस बदलली, पुन्हा विकला, तर पेटंटाची अडचण येत नाही, कारण त्या जोडापुरता मालकाचा हक्क पहिल्या विक्रीतच संपलेला असतो. ट्रेडमार्कवाले मात्र पुनर्विक्रीच्या वेळी दार ठोठावू शकतात. पण एकाने विचारलं होतं तसं घरच्या हातयंत्रावर पेटंट असलेल्या अप्परची हुबेहूब नक्कल विणून ती सोलवर चढवायची असेल, तर अमेरिकेच्या कायद्यात 'बनवणं' हेच उल्लंघन आहे, विकणं गरजेचं नाही, आणि घरगुती वापराला तिथे वेगळी सूट लिहिलेली नाही. युरोपीय संघात खासगी, बिगरव्यापारी वापराला डिझाइनच्या हक्कातून सूट आहे. एका जोडासाठी कुणी कोर्टात जाणार नाही हे खरं. तरी पॅटर्नची फाइल विकायला काढणार असाल, तर आधी त्या बुटाच्या 'डी' नंबरांची चित्रं उघडा, अखंड रेघांखाली काय येतं ते बघा, आणि मंजुरीची तारीख तपासा. २०१२-१३ मध्ये मंजूर झालेल्यांची १४ वर्षं २०२६-२७ मध्ये भरताहेत.